खरवडमावशीच्या रक्तातला धूर

जुन्या, चांगल्या लाकडावर कुणी पोपटी ऑइलपेंट फासला, की तो फासणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार खरवडमावशी एका दमात करत असे. तिचा धंदाच तो होता. लोकांची जुनी कपाटं, टेबलं, खुर्च्या तिच्या कारखान्यात यायची. वर्षानुवर्षं चढलेले रंगांचे थर ती पोलादी पट्टीनं काढायची आणि खालचं लाकूड मोकळं करून परत पाठवायची. एकेका कपाटावर सहा-सात थर निघत. प्रत्येक थर म्हणजे त्या त्या काळच्या मालकाची अक्कल, असं तिचं म्हणणं. पोपटी थर निघाला की ती म्हणायची, "हा शहाणा कोण होता, त्याला एकदा बघायचंय मला."

कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. वर दोन खोल्यांचं घर. माणसांनाही ती फर्निचरसारखीच वागवायची, म्हणजे वरचा रंग निघेपर्यंत सोडायची नाही. म्हणून गल्लीनं तिचं नाव खरवडमावशी ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तेलरंगाच्या खालोखाल तिचं वैर होतं ते सिगारेटशी. नवरा ओढायचा. दोघांनी मिळून हा धंदा उभा केला, एकाच खोलीत वर्षानुवर्षं पाठीला पाठ लावून रंग खरवडला, आणि एका संध्याकाळी जिना चढता चढता तो बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. मावशीनं खटला तिथल्या तिथे निकालात काढला होता. गुन्हेगार सिगारेट. पुरावा, साक्षीदार, अपील, काही नाही. त्यानंतर बसथांब्यावर कुणी अनोळखी माणूस सिगारेट पेटवताना दिसला तरी मावशी त्याच्यासमोर उभी राहून विचारायची, "घरी बायको आहे का? तिला पांढरं नेसवायची घाई झालीये का?" माणसं घाबरून सिगारेट विझवायची. काही जण थांबाच बदलायचे.

त्यामुळे लेकीनं सिगारेट ओढणारा लिफ्टमेकॅनिक पसंत केला तेव्हा काय झालं असेल, हे सांगायला नको. लेक पोहण्याच्या तलावावर शिकवायची. पाण्यात घाबरणाऱ्या माणसांना ओरडून ओरडून तरंगवणं हा तिचा पेशा, त्यामुळे आवाजात ती आईला भारी होती. शेवटी तह झाला. जावयानं सिगारेट सोडायची, आणि मग वरच्या खोलीत सुखानं राहायचं. त्यानं सगळ्यांदेखत पाकीट गटारात टाकलं. मावशीनं ते वाहून जाईपर्यंत पाहिलं.

आता मावशीच्या औषधाबद्दल. रंग सुटा करायचं ते रसायन, पण कारखान्यात त्याला औषधच म्हणायचे. पूर्वी ती कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरायची. त्यानं हात सोलवटायचे, डोळे चुरचुरायचे. मग हे नवं औषध आलं. पारदर्शक, वासाला गोडसर, हाताला गारेगार. ब्रशनं फासलं की थोड्या वेळात रंगाला फोड यायचे आणि पट्टी फिरवली की अख्खा थर सालीसारखा निघायचा. वर ते पेटही घ्यायचं नाही. मावशी त्याच्या प्रेमातच पडली. तिचं विषशास्त्र फार आटोपशीर होतं. झोंबतं ते विष, झोंबत नाही ते निर्धोक. डब्यावर काही सूचना छापलेल्या असायच्या, पण पहिल्याच दिवशी औषधाचे ओघळ त्यावरून यायचे आणि रंगाबरोबर सूचनाही निघून जायच्या. औषध कामाला इतकं इमानी होतं की त्यानं स्वतःचं लेबलही सोडलं नाही.

त्याचा एकच दुर्गुण. ते उडून जायचं. जरा वारा लागला की रंगात शिरायच्या आधीच गायब. पैसे हवेत. मग नवरा-बायकोनं फार पूर्वीच एक पद्धत पाडली होती. औषध लावायचं, वर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, खोलीच्या खिडक्या बंद करायच्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, आणि आत बसून राहायचं. एक थेंब वाया जाता कामा नये. ह्या धंद्यातले इतर लोक अंगणात काम करायचे आणि दुप्पट डबे संपवायचे, म्हणून मावशी त्यांना उधळे म्हणायची. तिच्या खोलीत जे उडायचं ते सगळं खोलीतच राहायचं, आणि आता त्या खोलीत श्वास घेणारं माणूस एकच होतं, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

त्या थंडीत तिच्याकडे एक अजस्र कपाट आलं. आठ दारांचं, नक्षीचं, आणि वरपासून खालपर्यंत पोपटी. मावशी आनंदानं वेडी झाली. दिवसभर दारं लावून बसायची. संध्याकाळी जिना चढून वर जायची, हातपाय धुवायची, चहा घेऊन बसायची, आणि नेमकं तेव्हा छातीत दाटून यायचं. डोकं ठणकायचं. कारखान्यात कधी काही नाही, वर आलं की त्रास. एका संध्याकाळी कप हातातून सुटला आणि जावयानं तिला उचलून दवाखान्यात नेलं. ती वाटेत त्याला सांगत होती की खड्डे बघून गाडी चालवा.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला. थोड्या वेळानं रक्ताचा निकाल घेऊन आली आणि अगदी सहज विचारलं, "मावशी, दिवसाला किती सिगारेटी ओढता?"

मावशीनं मुखवटा काढला. "काय म्हणालीस?"

"तुमच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. धुरात असतो तो वायू. प्राणवायूची जागा तो अडवून बसतो. तुमच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत, त्यात रक्तच अर्धपोटी, म्हणून छातीत दुखतं. भरपूर ओढणाऱ्यांच्या रक्तात असतो तेवढा तुमच्या रक्तात आहे."

बाहेर बसलेल्या लोकांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं, आत कुणाचं तरी ऑपरेशन भूल न देता चाललंय. मावशीचा आवाज तसा लागला होता. डॉक्टरीण बिचारी पाठ केल्यासारखं विचारत गेली. घरात कोळशाची शेगडी? नाही, विजेची. गीझर? विजेचाच. बंद जागेत गाडी चालू ठेवता? गाडीच नाही माझी, जावयाची आहे, ती रस्त्यावर असते. मग दमून तिनं विचारलं, "बरं, घरात दुसरं कुणी ओढतं का?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता.

मावशीनं मुखवटा परत चढवला आणि ती शांत झाली. एवढी शांत की मागून धावत आलेल्या लेकीलाच धडकी भरली. त्रास कुठे होतो? वर. वर कोण राहतं? जावई. पूर्वी काय ओढायचा? झालं. दुसरा खटलाही निकालात निघाला.

घरी आल्यावर तिनं जावयाला समोर बसवलं. "जावईबापू, खरं बोला. लपून ओढता ना?"

"आई, नाही ओढत." तो चपापला, पण नाही म्हणाला.

"मग माझ्या रक्तात धूर काय देवानं फुंकला? माझ्या नवऱ्याला एकदा नेलं त्या सिगारेटनं. आता मलाही न्यायचं ठरवलंय तुम्ही. माझ्याच घरात, माझ्याच छपराखाली!"

"आई, ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. निघा."

लेक पाण्यात बुडणाऱ्या माणसावर ओरडते तशी ओरडली. तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला, आईला हट्टी, आंधळी, अडेलतट्टू म्हणाली, दोन बॅगा भरल्या आणि त्याच्याबरोबर निघून गेली. मावशी दारात उभी राहून बघत होती. गाडी वळली तेव्हा तिला रडू फुटलं. ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही, कारण बघायला कुणी उरलंच नव्हतं.

काही दिवस ती वरच पडून राहिली. दुखणं पार थांबलं. डोकं हलकं, श्वास मोकळा. तपासणीला गेली तर रक्तही स्वच्छ. बघा, म्हणाली ती डॉक्टरणीला, घाण बाहेर गेली तशी तब्येत सुधारली. जिंकल्याचा आनंद मात्र कुठे दिसेना. चहा दोनदा गार झाला आणि पोरगी घरात नाही हे दर वेळी नव्यानं कळलं. मग मन रमवायला ती खाली गेली, खिडक्या लावल्या, चिंध्या कोंबल्या आणि पोपटी कपाटाच्या उरलेल्या दारांवर तुटून पडली.

संध्याकाळी वर आली आणि छातीवर पुन्हा कुणीतरी येऊन बसलं.

ह्या वेळी शेजारणीनं तिला दवाखान्यात पोचवलं. रक्तात तोच वायू, तेवढाच. मावशी कागदाकडे बघत राहिली. अक्कल तिला भरपूर होती, फक्त ती वापरायची परवानगी तिचा हट्ट देत नव्हता. आता हट्टालाही वाट राहिली नाही. जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. इतक्या लांबून फुंकून धूर पाठवायचा म्हणजे त्याच्या छातीत लोहाराचा भाताच असायला हवा. मान्य करायला तिला थोडा वेळ लागला, पण ती म्हणाली, "डॉक्टर, ह्यात त्याचा हात नाही."

"नसणारच," डॉक्टरीण म्हणाली. "दुसऱ्याच्या धुरानं एवढा चढत नाही. मी त्या दिवशी घाईत विचारून गेले, ते चुकलंच. आज दिवसभर काय केलंत ते सांगा. सगळं."

मावशीनं सगळं सांगितलं. चिंध्यांसकट. औषधाचं नाव तिला सांगता येईना, लेबल तर औषधानंच खाल्लेलं. शेवटी डॉक्टरणीनं दुकानदाराला फोन करून डब्यात काय असतं ते विचारून घेतलं, मग स्वतःची पुस्तकं उघडली, बराच वेळ वाचलं आणि खुर्ची ओढून मावशीजवळ बसली.

"मावशी, तुम्ही धूर ओढलाच नाहीत. तुमच्या यकृतानं तो आत बनवला."

"माझ्या यकृतानं?"

"हो. असं बघा, बाहेरचं रसायन अंगात आलं की त्याला आत ठेवायचं नाही, हे शरीराचं धोरण. काही तसंच उच्छ्वासातून परत जातं. पण काही रसायनं चरबीत विरघळतात, पाण्यात विरघळत नाहीत. ती लघवीतून बाहेर जाईनात. मग यकृत त्यांची मोडतोड करतं, रूप बदलतं, पाण्यात विरघळतील अशी करतं आणि बाहेर घालवतं. दिवसभर तेच काम. दारू असो, डोकेदुखीची गोळी असो, तुमचं औषध असो."

"मग चांगलंच करतं की."

"बहुतेक वेळा चांगलंच. पण यकृताला पुढचं दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की परकं आलंय, मोडा. मोडल्यावर जे निघतं ते मूळच्यापेक्षा वाईट असू शकतं. तुमच्या औषधाचं तसंच आहे. ते मोडलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो."

मावशीनं पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला. अतिउत्साही सुनेनं दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद करायच्या ऐवजी पातेलंच रस्त्यावर फेकून द्यावं, तसं काहीसं तिला वाटलं. तिनं ते बोलूनही दाखवलं. डॉक्टरीण हसली आणि म्हणाली, अगदी तसंच.

"पण मग दुखायचं वर आल्यावर. खाली तर मी ठणठणीत असायचे."

"कारण कारखाना तुमच्यासोबत वर यायचा. दिवसभरात गेलेलं औषध चरबीत साठतं. तुम्ही काम थांबवलं तरी तिथून ते हळूहळू रक्तात उतरतं आणि यकृताचं मोडणं चालू राहतं. कित्येक तास. त्यात तुम्ही जिना चढायचात, म्हणजे हृदयाला जास्त प्राणवायू हवा तेव्हाच रक्त रिकाम्या हातानं यायचं."

"म्हणजे ते औषध विष आहे."

"तसं सरळ नाही सांगता येत. किती गेलं, कुठून गेलं, किती वेळ, आणि कुणाच्या अंगात, ह्यावर ठरतं. अंगणात, वाऱ्यावर, क्वचित थोडंसं वापरणाऱ्या धडधाकट माणसाला कदाचित कळणारही नाही. तरी भरवसा नको. तुम्ही कोंडलेल्या खोलीत दिवस दिवस बसता, नळ्या अरुंद असताना. बरं, वास गोड आहे म्हणून नाकानं सावधही केलं नाही. नाकावर कसला भरवसा ठेवता? धुरातल्या त्या वायूला तर वासच नसतो."

मावशीचं सगळं विषशास्त्र एका संध्याकाळी सालीसारखं निघालं. ती बराच वेळ गप्प बसली, आणि गप्प बसणं तिला शोभत नसल्यानं डॉक्टरणीनं दोनदा नाडी पाहिली. मग मावशीनं विचारलं, "आणि एखादा माणूस सिगारेटही ओढत असेल, आणि माझ्या शेजारी बसून खरवडतही असेल, तर?"

"तर दोन्हीकडून तोच वायू. रक्ताला कुठून आला ते कळत नाही. ते बेरीज करतं."

मावशीनं रक्ताच्या निकालाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती बस बदलत बदलत लेकीच्या भाड्याच्या खोलीवर गेली. एका इमारतीच्या टोकाला, एकच खोली, मध्ये पडदा. लेकीनं दार उघडलं आणि बाजूलाही झाली नाही. मावशी उंबऱ्यातूनच म्हणाली, "चुकलं माझं. पार चुकलं. तुमचा काही संबंध नव्हता, जावईबापू. माझं यकृतच धूर काढत होतं."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाची माफी मागितली होती, त्यामुळे ती जरा मोठ्यानं निघाली. शेजारचं दार किलकिलं झालं. लेकीचे डोळे भरून आले. तिनं आईला आत ओढलं, बसवलं, यकृत म्हणजे काय ते दोनदा विचारलं. मावशीनं सगळं सांगितलं. जावई मात्र ऐकता ऐकता बसल्या जागी आकसत चालला होता. एवढ्या मोठ्या माफीचं ओझं त्याला पेलवेना.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही माफी नका मागू."

"का नको? न केलेल्या गुन्ह्यासाठी मी तुम्हाला घराबाहेर काढलं."

"नाही म्हणजे... तो गुन्हा नव्हता केला. पण सिगारेट... अधूनमधून. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. कामावर असताना."

लेक त्याच्याकडे वळली.

"अधूनमधून म्हणजे?" लेकीनं विचारलं.

"एखादी."

"खरं बोल."

"रोज तीन. कधी चार."

मावशीचं तोंड उघडलं, नेहमीचा पट्टा सुटणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं की ती आत्ताच माफी मागून बसली आहे, आणि ती परत घ्यायची रीत तिला माहीत नाही. पण तिला बोलावंच लागलं नाही. लेक उठून उभी राहिली होती.

"मी तुझ्यासाठी आईला सोडून आले," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तू," ती आईकडे वळली, "डॉक्टरांनी सांगितलं तरी ते औषध सोडणार आहेस?"

"ते पोपटी कपाट तेवढं संपलं की..."

"ऐकलंस?" लेक नवऱ्याला म्हणाली. "अगदी तू पूर्वी बोलायचास तसं. हे पाकीट तेवढं संपलं की!" ती हसलीही नाही. "मी रोज अनोळखी लोकांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवते. आणि घरात माझी दोन माणसं आपापल्या खोल्यांची दारं लावून मरायच्या मागे लागली आहेत. बाबांच्या वेळी मला कुणी विचारलं नाही. ह्या वेळी मी बघत बसणार नाही. आई, घराची किल्ली दे."

मावशीनं दिली. का दिली ते तिलाही कळलं नाही.

"मी घरी चालले. उद्या तो डबा दुकानदाराला परत जाईल, कपाट अंगणात येईल, नाहीतर तसंच पोपटी परत जाईल. तुम्ही दोघं इथे राहा. एक ओढणारा आणि एक हुंगणारी. सवय सुटली की या. दोघांचीही."

आणि ती खरंच गेली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत दोघं ऐकत राहिले. मग सासू आणि जावई एकमेकांकडे बघत एका पलंगाच्या दोन टोकांना बसले. जावयानं चहाचं विचारलं, मावशीनं नको म्हटलं, त्यानं तरी केला आणि तिनं घेतला. जरा वेळानं त्यानं खिशातलं पाकीट काढून दोघांच्या मध्ये ठेवलं. मावशीनं त्याला हात लावला नाही.

"तुमचे सासरे," ती म्हणाली, "दिवसातून चार-पाचदा म्हणायचे, जरा दार उघडतो, गुदमरल्यासारखं होतंय. मी म्हणायचे, औषध उडेल. ते परत येऊन बसायचे."

"तुम्हाला काय माहीत होतं, आई? कुणालाच माहीत नव्हतं."

"औषधाचं नव्हतं माहीत," मावशी म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "पण छाती चोळत बसायचे ते. ते तर मला दिसत होतं ना."